तेरा नंबरचा पाना

पहाटेचे साडेपाच. नारीनच्या खोऱ्यात उणे एकतीस.
गोठ्याआड बेलारूस उभा, निळा,
बॉनेटवर वीतभर बर्फ,
माझ्या नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठा
आणि तेवढाच हटवादी.
वर मेंढवाड्यात एकशे चाळीस तोंडं,
गवत इथे खाली.
मधे दोन रात्रींचा बर्फ.

रेडिएटर रात्रीच रिकामा केलेला.
आता चुलीवरच्या तीन बादल्या, एकीमागून एक.
पहिली खालून निघते बर्फासारखी,
दुसरी कोमट,
तिसरीची वाफ माझ्या गळपट्ट्यात शिरते.
ऑइलच्या चेंबरखाली ब्लोलॅम्प,
आणि मी उकिडवी,
भुवया जळू नयेत म्हणून मान वाकडी करून.

बाजूचं छोटं पेट्रोल इंजिन मात्र गुणी.
दोरी गुंडाळायची, ओढायची.
पाचव्या झटक्याला खोकतं,
सातव्याला बोलू लागतं.
मग दांडा ओढला की ते मोठ्याला फिरवतं,
किडमिडीत पोरानं झोपलेल्या बापाला
खांद्याला धरून हलवावं तसं.
बाप हलतो.
उठत नाही.

फोनवर तिंचतिक, येकातेरिनबर्गहून,
हातात कुणाच्या तरी अंगणातलं फावडं.
रॉकेल मिसळलंस का डिझेलमध्ये?
मिसळलं.
एअर फिल्टर?
झटकला.
मग हवा धरली असेल.
धरणारच, मी म्हणते,
जाताना नळी तूच बदललीस ना, घाईघाईत,
बस दारात, एक हात बॅगेवर,
नट बोटांनीच आवळून.
आणखीही बरंच म्हणते.
नळीवरून सुरू झालेलं
तीन हिवाळे मागे जातं.
रेंज जाते तेव्हा
मी वाक्याच्या मधोमध असते.

जोलचू अताला कुणी बोलावलं, ठाऊक नाही.
त्याला ऐकू येत नाही.
सामूहिक शेतीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं
हातोडे ऐकून कान संपले.
मी ओरडून सगळं सांगते, बादल्या, रॉकेल, नळी,
तो माझ्या तोंडाकडे बघतच नाही.
धुराड्याकडे बघतो.
फिरव, अशी खूण करतो.
मी दोरी ओढते.
आणि तो आभाळाकडे बोट दाखवतो,
जिथे काहीच नसतं.

पांढरा धूरसुद्धा नाही.
म्हणजे डिझेल पोचतच नाही आत.
दोन तास मी त्याच्या पोटाला शेक देत होते
आणि तो उपाशी होता.
जखम मांडीला, मलम शेंडीला.

तो हात पुढे करतो. तेरा नंबरचा पाना.
हातमोजा दातांनी ओढून काढतो,
लोखंडाला बोट चिकटतं, सोडवतो,
कातडीचा पापुद्रा तिथेच राहतो,
त्याला पर्वा नसते.
फिल्टरची वाटी खाली येते.
तळाशी बर्फ.
जर्दाळूच्या बीएवढा, काचेसारखा स्वच्छ.
तो माझ्या तळव्यावर ठेवतो, काही न बोलता,
डॉक्टरनं काढलेला दात हातात द्यावा तसा.

पाणी.
टाकीत पाणी.
जूनमधली ती दुपार, गारा पडलेल्या,
मी धावत जाऊन वाळत घातलेलं कुरूत गोळा केलं
आणि टाकीचं झाकण
मडगार्डवर तसंच राहिलं, संध्याकाळपर्यंत.
मीच डिझेल भरत होते.
तिंचतिक तेव्हा घरातही नव्हता.

वाटी पुसली. नळीवर गरम फडकी.
हातपंपानं हवा काढली,
आधी फेस, मग थुंकी,
मग सरळ, पिवळी धार.
दोरी.
दांडा.
पांढरा धूर, करडा, काळा,
आणि मग ते जुनं घड्घड् घड्घड्,
ज्यानं खिडकीतली काच थरथरते
आणि कुत्रा उगाच भुंकतो.
जोलचू अता तळवा बॉनेटवर टेकवून उभा,
डोळे मिटून,
कितीतरी वेळ.

फोन वाजतो. लागला?
मी काही न बोलता तो इंजिनाजवळ धरते.
पलीकडे फावडं थांबलेलं असावं.
काय होतं गं?
उन्हाळी डिझेल, मी ओरडते.
आणि तुझी नळी
ठीक होती.

त्यातलं अर्धं खरं.
बर्फाचा खडा अजून हातमोज्यात आहे,
विरघळत,
चढाच्या दुसऱ्या वळणापर्यंत पुरेल.